मालकालाच उकरून काढणाऱ्या बाहुल्या : 'पपेट मास्टर 2' च्या मागची गोष्ट

खुनी बाहुला म्हटलं की आपल्याकडे यवतमाळ असो नाहीतर आर्वी, पोट्टे पहिले तात्या विंचूचंच नाव घेतात, आणि त्याचं मूळ शोधत गेलं की 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' मधल्या चकीपाशी येऊन थांबतात. ते बरोबरच आहे. पण त्याच्या मागोमाग अमेरिकेत बाहुल्यांची एक अख्खी टोळीच निघाली होती, तिच्याबद्दल इकडे कोणी फारसं बोलत नाही, आणि मला विचाराल तर त्या टोळीचा दुसरा पार्ट पहिल्यापेक्षा जास्त मजेदार आहे.

सगळं सुरू झालं धंद्यातून. चार्ल्स बँड नावाचा निर्माता, त्याची एम्पायर पिक्चर्स कंपनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बुडाली. त्याच कंपनीतून 1987 साली स्टुअर्ट गॉर्डननं केलेला 'डॉल्स' आला होता, म्हणजे बाहुल्यांची चटक त्याला आधीपासूनच. मग त्यानं फुल मून नावानं नवीन दुकान मांडलं, पॅरामाउंटसोबत कॅसेट विकायचा करार केला आणि ठरवलं की थिएटरच्या भानगडीत पडायचंच नाही, पिक्चर सरळ व्हिडिओवर. 1989 चा 'पपेट मास्टर' असा आला, डायरेक्टर डेव्हिड श्मोलर.

हे गणित आपल्याला काही नवीन नाही राजेहो. गणपतीत नाहीतर लग्नात वर्गणी काढून कलर टीव्ही आन व्हीसीआर भाड्यानं आणायचा, रात्रभर लागोपाठ पिक्चर, मधात लाईन गेली की सगळे अंगणातच आडवे, लाईन आली की पुन्हा सुरू. तिथं हिरो कोण, डायरेक्टर कोण हे कोण विचारते, कॅसेटच्या कव्हरवर काय दिसते त्याच्यावर सगळं ठरते. बँडला हे पक्कं माहीत होतं, म्हणून कव्हरवर माणसं कमी आन बाहुल्या जास्त.

पहिल्या पार्टात आंद्रे तुलाँ नावाचा म्हातारा कळसूत्रीवाला आहे, बाहुल्यात जीव घालायची जुनी इजिप्शियन विद्या त्याच्याजवळ, 1939 साली कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बे इन या हॉटेलात नाझी लोक मागावर आलेले पाहून तो स्वतःवर गोळी झाडतो. बाहुल्या उरतात. एका हाताला सुरी आणि दुसऱ्या हाताला आकडा असलेला ब्लेड, टिचभर डोक्याचा पण माणसाएवढ्या पंजाचा पिनहेड, डोक्यावर ड्रिल असलेला टनेलर, तोंडातून जळवा काढणारी लीच वुमन, आणि चेहरा फिरवणारा जेस्टर. ब्लेडचं ते गालफडं बसलेलं तोंड क्लाउस किन्स्की या जर्मन नटावरून घेतलं. श्मोलरनं 1986 साली किन्स्कीला घेऊन एक पिक्चर केला होता आणि त्यानं सेटवर सगळ्यांचा इतका छळ केला की श्मोलरनं पुढं त्या छळावरच एक शॉर्टफिल्म काढली.

आता दुसरा पार्ट, 1990 चा. इथं बँडनं डायरेक्शन दिलं डेव्हिड अ‍ॅलनला, आणि खरी गोम इथंच आहे. अ‍ॅलन हा मुळात बाहुल्या हलवणारा माणूस, स्टॉप मोशनवाला. म्हणजे बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा केसभर, पुन्हा फ्रेम, आणि पडद्यावर एका सेकंदाला अशा 24 फ्रेम लागतात, हिशोब तुम्हीच करा. 1985 च्या 'यंग शेरलॉक होम्स' साठी त्याचं नाव ऑस्करच्या नॉमिनेशनमध्ये होतं. असा माणूस खुर्चीत बसला की गोष्ट बाहुल्यांच्या बाजूनं झुकणारच. पहिल्या पार्टात त्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून मारत होत्या. इथं त्यांच्यातला जीव संपत आलाय म्हणून त्या स्वतःच रात्री मालकाची कबर उकरतात, वरून हिरवं औषध ओततात आणि त्याला उठवतात! आणि उठलेला तुलाँ कसा, तर अंगभर पट्ट्या गुंडाळलेला, अर्धा वेडा, एका परक्या बाईलाच आपली मेलेली बायको समजणारा, औषधासाठी माणसाचा मेंदू लागतो म्हणून बाहुल्यांना खून करायला धाडणारा. आग ओकणारा टॉर्च हा नवीन बाहुला याच पार्टात आला.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला सीन एका शेतकरी नवरा-बायकोचा आहे. रात्रीच्या वेळी लीच वुमन घरात घुसते, नवरा जातो, आणि ती बाई रडत न बसता बाहुलीला उचलते आणि सरळ पेटत्या शेगडीत टाकते. आपल्याकडची कोणतीही बाई हेच करेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायची सवय असलेल्या लोकांना यात समजावून सांगायसारखं काहीच नाही. त्या बाईचं पुढं काही चांगलं होत नाही, टॉर्च तिला सोडत नाही, पण लीच वुमन त्या पार्टापुरती गेली ती गेलीच.

शेवटी मालक आपल्याला नुसतं वापरतोय हे कळल्यावर बाहुल्या त्याच्यावरच उलटतात. अ‍ॅलननं डायरेक्ट केलेला दुसरा पिक्चर 'द प्रायमिव्हल्स', तो वर्षानुवर्षं अडकून पडला, अ‍ॅलन 1999 मध्ये गेला आणि पिक्चर लोकांसमोर आला तो 2023 मध्ये.

बँडनं मात्र 1991 मध्ये लगेच तिसरा पार्ट काढला, त्यात तुलाँ एकदम सज्जन, नाझींचा सूड घेणारा हिरो, आणि गोष्ट घडते 1941 च्या बर्लिनमध्ये. 1939 मध्ये गोळी झाडून मेलेला माणूस 1941 मध्ये बर्लिनमध्ये काय करून राहिला, हे ना कंपनीनं मनावर घेतलं ना कॅसेट घेणाऱ्यांनी.