खाजगी रान (कोकण)

शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असलेले, डोंगरउतारावरचे झाडोऱ्याचे क्षेत्र. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे. डोंगरावर दिसते ती हिरवाई बहुतांशी लोकांच्या मालकीची. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, शिवण, बेहडा ही इथली नेहमीची झाडे.

दर काही वर्षांनी उभे रान ठेकेदाराला एकरकमी देऊन टाकायचे, ही रूढ रीत. सातबाऱ्यावर वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. वाटणीला रोख रक्कम सोपी पडते. पण हा व्यवहार मालकाच्या तोट्याचाच आहे. घराच्या वाशाला जाईल असा किंजळ सरपणाच्या भावात जातो आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत वहाळाला लागते. आता पाऊस थोड्या दिवसांत धो-धो कोसळतो, त्यामुळे हे नुकसान पूर्वीपेक्षा जड आहे.

रान राखून उत्पन्न घ्यायचे तर निवडून तोड करावी लागते. ऐन-किंजळाच्या खुंटाला भरपूर फुटवे येतात. तोड जमिनीलगत आणि तिरकी घेतली की खुंटावर पाणी साचत नाही. पुढच्या वर्षी त्यातले दोन-तीन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढतात. मुळे जुनीच असल्याने ते रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. बेहड्याची जुनी झाडे मात्र तोडू नयेत. फळे औषधासाठी विकली जातात आणि ढोलीत धनेश घरटे करतो.

दरवर्षी पैसा हवा असेल तर बांधावर माणगा लावावा. सिंधुदुर्गात हा भरीव, बिनकाट्यांचा बांबू पूर्वापार आहे. पाऊस सरल्यावर बेटातल्या तीन वर्षांवरच्या काठ्याच तोडतात. अंगावर पांढुरकी भुकटी असलेल्या कोवळ्या काठ्यांना हात लावत नाहीत, कारण नवे कोंब त्यांच्याच जोरावर येतात. 2017च्या कायदादुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही. इतर अनेक जातींच्या तोडीला मात्र 1964च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या बागा आडव्या झाल्या. एकाच पिकावर संसार असलेल्यांची कित्येक वर्षांची मिळकत एका दिवसात गेली. लहानमोठ्या वयाच्या मिश्र झाडांचे रान अशा वेळी सगळेच्या सगळे जात नाही. वणव्यापुढे मात्र तेही टिकत नाही. म्हणून गवत वाळले की हद्दीने पट्टा साफ करून जाळरेषा काढतात. शेजारच्या मालकाने ती काढली नसेल, तर आपलीही अपुरी पडते.