रिले म्हणजे चौघांच्या वेगाची बेरीज नव्हे

ऑलिंपिक जवळ आलं की 4 × 100 मीटर रिलेचं भाकीत ठरलेलं असतं: सर्वांत वेगवान चार माणसं ज्या देशाकडे, सुवर्ण त्या देशाचं. हा समज किती कच्चा आहे ते जपानच्या नोबुहारु असाहारा यांच्या कारकिर्दीवरून कळतं.

असाहारा मूळचे लांब उडीतले. 100 मीटरमध्ये त्यांची सर्वोत्तम वेळ 10.02 सेकंद, 2001 साली ओस्लोतली. दहा सेकंदांच्या आत ते कधीच धावले नाहीत. चार ऑलिंपिकला गेले, पण 100 मीटरची अंतिम फेरी काही त्यांना गाठता आली नाही. तरीही 2008 साली बीजिंगमध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, रिलेचा शेवटचा टप्पा तेच धावले. त्सुकाहारा, सुएत्सुगु, ताकाहिरा आणि असाहारा यांनी 38.15 सेकंदांत तिसरा क्रमांक मिळवला. जपानी पुरुषांचं ट्रॅकवरचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

प्राथमिक फेरीतच अमेरिकेचा बॅटन, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची नळी, खाली पडला होता, त्यामुळे जपानला नशिबाने हात दिला असं म्हणणारे भेटतात. पण बॅटन पडणं हा नशिबाचा भाग फार थोडा. त्यामागे शाळेत शिकलेला सापेक्ष वेग आहे, आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

त्या वेळच्या नियमानुसार पुढच्या धावपटूला वेग घेण्यासाठी 10 मीटर मिळत, त्यानंतरच्या 20 मीटरच्या हद्दीत बॅटन बदलायचा. दोन्ही मिळून 30 मीटर. पंच बघतात ते फक्त बॅटन कुठे आहे हे. पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही. पुढचा धावपटू आपल्या उभं राहण्याच्या जागेमागे पावलं मोजून ट्रॅकवर चिकटपट्टी लावतो. मागच्याचा पाय त्या पट्टीवर आला की याने मागे न बघता सुटायचं.

पट्टी किती मागे लावायची? सोयीचे आकडे घेऊ. मागचा सेकंदाला 10.5 मीटर वेगाने येतोय. पुढच्याला उभ्या जागेवरून 25 मीटर जायला 3.2 सेकंद लागतात. तेवढ्यात मागचा 33.6 मीटर कापतो. बॅटन देताना दोघांत हातांच्या लांबीमुळे साधारण 1 मीटर अंतर राहतं, म्हणजे मागचा त्या क्षणी 24 मीटरवर हवा. 33.6 वजा 24, म्हणजे पट्टी 9.6 मीटर मागे.

आता पुढचा उतावीळपणे फक्त 0.1 सेकंद आधी सुटला असं समजा. मागचा एक मीटरभर कमी पडेल. एक मीटर भरून काढणं सोपं वाटतं, पण 25 मीटरवर पुढच्याचा वेगही दहाच्या आसपास गेलेला असतो. दोघांच्या वेगातला फरक उरतो सेकंदाला अर्धा मीटर. त्या हिशेबाने मीटर भरायला 2 सेकंद हवेत आणि तेवढ्यात दोघे 20 मीटर पुढे जातील. हद्द संपायला तर 5 मीटरच उरलेत. शिवाय पुढच्याचा वेग अजून वाढतोच आहे. एसटीने एकदा वेग घेतला की मागून पळणाऱ्याचं जे होतं, तेच इथे होतं. पुढच्याने वेग कमी करणं हाच उपाय, आणि तिथेच शर्यत जाते. उशिरा सुटण्यात धोका कमी, पण मग मागच्याला ब्रेक लावावा लागतो. पदकाचा निकाल या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर लागतो.

जपानने 2001पासून यावर आणखी एक काम केलं. बहुतेक संघ हात मागे, खांद्याच्या उंचीपर्यंत ताणून वरून बॅटन घेतात. जपानने खालून द्यायची पद्धत स्वीकारली: हात कमरेजवळ, धावताना असतो तसाच. डावा पाय पुढे झेपावतो तेव्हा शरीराला उभ्या अक्षाभोवती पीळ बसतो, तो उजवा हात पुढे येऊन उतरवतो. हा कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरण्याच्या जोराचा, समतोल. हात मागे ताणून धरला की तो बिघडतो आणि नेमका वेग घेण्याच्या काळात पावलाची लय मोडते. खालच्या पद्धतीत हातांच्या लांबीचा फायदा कमी मिळतो, पण लय शाबूत राहते. हा सौदा जपानने डोळसपणे केला.

वेग वाढतो असं सांगून टायटॅनियमच्या माळा आणि चुंबकाची कडी विकणाऱ्यांकडे असला हिशेब नसतो. अशा वस्तूंनी धावण्याची वेळ सुधारते याला भरवशाचा पुरावा नाही. खेळाडूच्या गळ्यात माळ दिसली म्हणून आपल्या मुलाला ती घेऊन देऊ नये, त्या पैशांत चांगले स्पाइक्स (धावण्याचे खिळ्यांचे बूट) घ्यावेत.

असाहारा 2008 सालीच निवृत्त झाले. 2017 साली जमैकाच्या नेस्टा कार्टरचा जुना नमुना उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने जमैकाचं बीजिंगमधलं सुवर्ण गेलं आणि जपानचं कांस्य रौप्य झालं. त्याआधी, 2016 साली रिओमध्ये, असाहारांच्या पुढच्या पिढीने त्याच पद्धतीने 37.60 सेकंदांत रौप्य जिंकलं होतं. त्या चौघांपैकी एकानेही तोवर 100 मीटर दहा सेकंदांच्या आत पार केलेलं नव्हतं. अमेरिका तिथेही बाद झाली. या वेळी चूक वेगळी होती: पहिल्याच बदलात बॅटन हद्द सुरू होण्याआधी दिला गेला.