फेरो की फेरि? वेलांटीत अडकलेला चुंबक

'फेरिमॅग्नेटिक' लिहिलं की मुद्रितं तपासणारा हमखास त्याचं 'फेरोमॅग्नेटिक' करून टाकतो. त्याचा तरी काय दोष? वरवर पाहता दोन्ही पदार्थ सारखेच वागतात. टाचण्या उचलतात, चुंबकत्व धरून ठेवतात आणि ठरावीक तापमानाला ते गमावतात. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला, मॅग्नेटाइट हे फेरि जातीचं लोहखनिज साधारण ५८० ला.

फरक आत आहे. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे फेरो. त्यांचा प्रत्येक अणू म्हणजे चिमुकला चुंबक, आणि एका डोमेनमधले, म्हणजे पदार्थाच्या एका चिमुकल्या भागातले, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. त्यांना असं रांगेत धरणारं आतलं क्षेत्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये गृहीत धरलं. ते येतं कुठून, हे १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी पुंजयामिकीतून सांगितलं.

फेरिमध्ये मात्र रस्सीखेच चाललेली असते. काही अणू इकडे ओढतात, काही नेमके उलट. संघ असमान असल्यामुळे जी ओढ शिल्लक राहते, तेच बाहेर जाणवणारं चुंबकत्व. संघ तुल्यबळ असते तर हाती शून्य.

मॅग्नेटाइटचा हिशेब मला फार आवडतो. त्याच्या एका रेणुसूत्रात तीन लोह आणि चार ऑक्सिजन. दोन लोहांची ताकद प्रत्येकी ५ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं माप), तिसऱ्याची ४. सगळे एका दिशेला असते तर बेरीज १४ व्हायला हवी. मोजल्यावर मिळतात जेमतेम ४.१! फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये कोडं सोडवलं: दोन पाच एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो चार. १९५१ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांत तशीच मांडणी दिसली. नेएल यांना नोबेल मिळालं १९७० मध्ये. गंमत अशी, की मॅग्नेटाइट म्हणजेच निसर्गातला चुंबकदगड, जुन्या भाषेतला अयस्कांत. 'लोहचुंबक' हा शब्द ज्याच्यामुळे रुजला, तो फेरो नव्हताच.

मग आपसात भांडून ताकद घालवणारा पदार्थ हवा कोणाला? चार्जर बनवणाऱ्यांना. लोखंड २.१ टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) जातं, चार्जरमधला मँगनीज-झिंक फेराइट, म्हणजे लोहाचं फेरि जातीचं ऑक्साइड, अर्ध्या टेस्लाच्या आसपासच दमतो. पण लोखंड पडलं धातू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या अंगात एडी करंटचे, म्हणजे विजेचे, भोवरे उठतात आणि ते तापतं. ५० हर्ट्झला पातळ पत्र्यांची थप्पी, वाइंडिंगवाल्यांच्या भाषेत स्टॅम्पिंग, लावून भागतं. चार्जर चालतो त्या लाखभर हर्ट्झला नाही भागत. फेराइट ऑक्साइड असल्यामुळे विजेला अडवतो, भोवरे उठूच देत नाही. वारंवारिता वाढवता आली की तारेच्या वेटोळ्यांमधला चुंबकीय गाभा लहान करता येतो. विटेएवढा अडॅप्टर खिशात मावू लागला तो असा.

स्पीकरमागचं काळं कडंही बहुतेक वेळा फेरिच. बेरियम फेराइटमध्ये १२ लोहांपैकी ८ इकडे, ४ तिकडे. शिवाय ते गंजत नाही, कारण ते आधीच ऑक्साइड आहे.

आणि सह्याद्रीचा कातळ! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना त्यातल्या टायटॅनोमॅग्नेटाइटच्या (टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटच्या) कणांनी, म्हणजे पुन्हा फेरिनेच, तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जपून ठेवली. दख्खन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं, हे त्या कणांनी जपलेल्या दिशेच्या कलावरून कळतं.