पीडीएफला 'वर्तुळ' माहीत नाही

एखादी एसव्हीजी फाइल, म्हणजे रेषा-आकृत्यांच्या चित्राची फाइल, नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वर्तुळाच्या जागी एकच ओळ सापडते: केंद्रबिंदू इथे, त्रिज्या इतकी, रंग हा. म्हणजे तिथे साठवलेली असते ती चित्र काढायची सूचना. हेच व्हेक्टर ग्राफिक्स. फोटोत मात्र ठिपक्यांची जाळी असते; 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) ए-फोर पानावर 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके. जाळी ताणली की कडा फाटतात. सूचना पोस्टकार्डावर वापरा नाहीतर होर्डिंगवर, रेघ धारदारच उमटते.

आता हीच फाइल पीडीएफमध्ये न्या. गंमत म्हणजे पीडीएफच्या शब्दसंग्रहात वर्तुळच नाही! सरळ रेषा आहे, आयत आहे आणि बेझिए वक्र आहे, म्हणजे दोन टोकं आणि बाक ठरवणारे नियंत्रणबिंदू देऊन काढलेली वाकडी रेघ. मग कन्व्हर्टर, म्हणजे फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्रॅम, साधारणपणे वर्तुळाचे चार भाग करतो आणि प्रत्येक भागाला एक वक्र बसवतो. हे वक्र फ्रान्सच्या मोटार उद्योगातून आले. गाडीच्या पत्र्याचा बाक गणितात पकडण्यासाठी सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी त्यावर स्वतंत्रपणे काम केलं. वक्राच्या टोकापासून नियंत्रणबिंदू त्रिज्येच्या 0.5523 पट अंतरावर ठेवला, तर चूक त्रिज्येच्या जेमतेम 0.027 टक्के राहते. 10 सेंटिमीटर त्रिज्येला 0.027 मिलिमीटर, केसाहून बारीक. इतकं सुरेख भाषांतर मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

सगळीकडे असं जुळत नाही. एसव्हीजीत एक इंच म्हणजे 96 एकक, पीडीएफमध्ये 72. हा हिशेब चुकला की 10 सेंटिमीटरचा आलेख 13.3 सेंटिमीटरचा होतो. शिवाय एसव्हीजीत उंची वरून खाली मोजतात, पीडीएफमध्ये खालून वर. तेवढं विसरलं तर चित्र उलटं.

खरी अडचण पारदर्शकतेची. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ईपीएस या जुन्या व्हेक्टर फाइल-प्रकाराला अर्धपारदर्शक रंग ठाऊकच नाही. नकाशावर फिकट निळी सावली टाकून तो ईपीएसमध्ये सेव्ह केला, की कन्व्हर्टरला एकमेकांवर आलेल्या आकृत्या कापून वेगळे तुकडे करावे लागतात, नाहीतर तेवढा भाग ठिपक्यांत बदलावा लागतो. स्क्रीनवर पटकन कळत नाही, छापल्यावर नदीची रेघ भुरकट दिसते.

अक्षरांचं दुखणं आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना चांगलं माहीत आहे. 'फाइल कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) पाठवा' हे वाक्य प्रेसमधून रोज येतं, कारण समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर मजकूर कोलमडतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचराच दिसतो. कर्व्ह केलं की 'ज्ञानेश्वर' हा शब्द नुसत्या आकृत्या होतो. छपाई नेमकी होते; पण तो शब्द शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही तिथे मुका होतो. मला हे नुकसान सर्वांत मोठं वाटतं. म्हणून प्रेससाठी कर्व्ह केलेली प्रत वेगळी ठेवावी आणि वाचकांना द्यायच्या पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करावा, म्हणजे फाइलच्या आतच भरावा.

वर्डमध्ये टाकलेल्या चित्राचं काय झालं, हे तपासणं सोपं आहे. वर्डच्या डॉकएक्स फाइलची एक प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि आतलं 'मीडिया' फोल्डर उघडा. एसव्हीजी चित्र टाकलं असेल तर नव्या वर्डमध्ये त्याच्याजवळच एक पीएनजीही (ठिपक्यांच्या चित्राची फाइल) दिसते. जुन्या आवृत्त्यांसाठी ती सोय. नुसती पीएनजी असेल, तर रेषा त्या फाइलमध्ये उरलेल्या नाहीत. त्या चित्र काढणाऱ्याकडूनच मागवाव्या लागतात.