रेणुदर्शन सॉफ्टवेअर

प्रथिने, डीएनए, आरएनए यांसारख्या जैवरेणूंची रचना पडद्यावर तीन मितींत दाखवणारे आणि ती फिरवून, मापून, दुसऱ्या रचनेशी पडताळून पाहू देणारे संगणकीय साधन. कायमेराएक्स, पायमॉल आणि व्हीएमडी ही यांतली नावाजलेली नावे. मोलस्टार तर ब्राउझरमध्येच चालते.

संगणकाकडे मुळात असते ती आकड्यांची यादी. प्रत्येक अणूसाठी एक ओळ: मूलद्रव्य कोणते, ते कोणत्या अमिनो आम्लातले (प्रथिनाच्या साखळीतल्या कोणत्या दुव्यातले) आणि जागा सांगणारे तीन सहनिर्देशक. माप अँगस्ट्रॉममध्ये असते. एका सेंटिमीटरमध्ये १० कोटी अँगस्ट्रॉम मावतात. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून, एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपून) किंवा गोठवलेले नमुने पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रचना ठरवली जाते आणि प्रोटीन डेटा बँकेत जमा होते. १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही फुकट उतरवून घेता येतात.

कोकणातल्या वाचकाला एक रचना विशेष जवळची वाटेल. दगडाखाली, कौलांत, लाकूडफाट्यात दडणारा लाल विंचू इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या विषातल्या आयबेरिओटॉक्सिन या घटकाची रचना एनएमआरने १९९२ मध्ये ठरवली गेली. रेणू अगदी लहान, अवघ्या ३७ अमिनो आम्लांचा. रिबन रूपात, म्हणजे साखळी फितीसारखी दाखवून, पाहिला की एका बाजूला छोटे वेटोळे आणि त्याला चिकटून शेजारी शेजारी धावणारे पट्टे दिसतात. बाजूच्या साखळ्या उघडल्या की गंधकाचे पिवळे अणू जोड्यांनी दिसू लागतात: सहा सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्ले), तीन डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधले जोड). अंतर मोजावे तर दोन गंधकांमध्ये सुमारे दोन अँगस्ट्रॉम भरते. हे तीन टाके एवढ्याशा साखळीला आकारात घट्ट धरून ठेवतात. हा रेणू पेशीच्या पोटॅशियम वाहिनीचे, म्हणजे पोटॅशियम जाऊ देणाऱ्या दाराचे, तोंड अडवतो आणि त्यात २७ व्या जागेवरचे लायसिन हे धनप्रभारी अमिनो आम्ल मोक्याचे मानले जाते. पृष्ठभागावर विद्युतप्रभार रंगवला की धनप्रभाराचा निळा भाग कुठे आहे हे डोळ्यांनाच कळते.

मात्र विंचूदंशात जिवावर बेतते ते मुख्यतः याच विषातल्या, सोडियम वाहिन्यांवर काम करणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे. त्यांच्यामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय धोक्यात येते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेले प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विषाला हातही लावत नाही. ते आपल्याच पेशींवरचे अल्फा ग्राहक, म्हणजे अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये जिथे चिकटतात ती प्रथिने, अडवते. औषधाचा रेणू नेमका कोणाला चिकटतो, हे विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगले उदाहरण कोकणात शोधूनही सापडणार नाही.

विश्लेषणाच्या बाकी सोयी बऱ्याच आहेत: हायड्रोजन बंध शोधणे, दोन रचना एकमेकींवर बसवणे, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या नकाशात प्रथिन बसवून पाहणे. प्रथिनाच्या साखळीचे कोन शक्य कोटीतले आहेत का, हे तपासण्याचा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली मांडला आणि जगभर तो आजही वापरला जातो.

पडद्यावरची प्रतिमा म्हणजे फोटो नव्हे, हे शिक्षकांनी पहिल्याच तासाला सांगावे. रंग संकेताचे असतात, रिबन ही सोयीची आकृती असते आणि अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने वर्तवलेल्या रचनेत तर प्रत्येक भागाची खात्री वेगळी असते. नेहमीच्या रंगसंकेतात गडद निळा भाग भरवशाचा, नारिंगी भाग संशयाचा. नारिंगी शेपटीवरून निष्कर्ष काढणे चूकच.

कायमेराएक्स सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झाले. शिक्षण आणि ना-नफा संशोधनासाठी ते विनामूल्य आहे. नवशिक्याने यानेच सुरुवात करावी. प्रोग्रॅम आणि रचनेची फाइल एकदा लॅपटॉपवर घेतली की पाहण्या-मोजण्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक अडत नाही.