कमाटीबागेतला वड आणि धम्माचा प्रश्न

दरवर्षी २३ सप्टेंबरला बडोद्याच्या कमाटीबागेत बाबासाहेबांच्या आठवणीने माणसे जमतात. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, वडाखाली त्रिसरण-पंचशील. महाराष्ट्रातून गाडीने आलेली मंडळी तिथेच सावलीत डबे उघडून बसतात. मागच्या खेपेला माझ्या शेजारी एक आजी नातवाला भाकरी मोडून देत होत्या. नातवाने विचारले, "आजी, बाबासाहेब इथं का रडले?" आजी म्हणाल्या, "राहायला जागा दिली नाही कुणी." आणि चटणीची डबी पुढे सरकवली.

त्याच आठवड्यात दांडिया बाजारातल्या एका बैठकीत वेगळेच ऐकले. बुद्धाचा विचार हे शुद्ध तत्त्वज्ञान आहे, त्याला धर्म म्हणणे चूक आणि राजकारणाला जोडणे त्याहून चूक, असे एक गृहस्थ सांगत होते. अभ्यासू माणूस, बोलणेही तळमळीचे. पण मला आजींचे उत्तर आठवत राहिले. हा वाद कुठून आला आणि बडोद्यात तो इतका जिव्हारी का लागतो, हे जरा मागे जाऊन पाहण्यासारखे आहे.

तत्त्वज्ञान म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. जग शाश्वत आहे की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की वेगळे, असल्या प्रश्नांवर बुद्धाने उत्तर द्यायचे नाकारले. मालुंक्यपुत्ताला त्याने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला: बाण कुणी मारला, धनुष्य कशाचे होते हे विचारत बसलास तर आधी मरशील. ईश्वर मानायचा नाही, कायम टिकणारा आत्मा मानायचा नाही, मग याला धर्म कसे म्हणायचे?

पण याच बुद्धाने भिक्खूंचा संघ उभारला, आणि संघ म्हटला की राजाशी गाठ आलीच. लढाई टाळायला सैनिक प्रव्रज्या घेऊन भिक्खू होऊ लागले तेव्हा मगधाच्या बिंबिसाराने तक्रार केली, आणि राजाच्या चाकरीतल्या शिपायाला दीक्षा देऊ नये असा नियम झाला. पुढे मगधाचा राजा अजातशत्रू याने शेजारच्या वज्जी गणराज्यावर चालून जाण्याआधी आपला अमात्य वस्सकार याला बुद्धाकडे पाठवले. वज्जी जोवर वारंवार सभा भरवतात, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे बुद्धाने ऐकवले. आणि तोच नियम लगेच भिक्खूंनाही घालून दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याच संघांचा दाखला दिला. ठराव, मतदान, गणसंख्या (कोरम) हे सगळे भिक्खुसंघांना ठाऊक होते, असे ते म्हणाले.

सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताची सुरुवात मला नेहमी थांबवते: 'अत्तदण्डा भयं जातं', हाती दंड घेतला त्यातूनच भय उपजले. पुढे बुद्ध सांगतो, आटत चाललेल्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मला भीती वाटली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केल्याची कथा आपण शाळेत शिकलो. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी ती बाजूला ठेवून या सुत्ताकडे बोट दाखवले. आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या आपल्या शेवटच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचे कारण मांडले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस हे लिहीत होता, हे ध्यानात घेतले की तत्त्वज्ञान आणि राजकारण यांच्यामधली भिंत किती पातळ आहे ते कळते.

आपल्या गुजरातच्या भूमीला हे नाते नवे नाही. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे शिलालेख आहेत. वलभीचे मैत्रक राजे बहुतेक स्वतःला 'परममाहेश्वर' म्हणवत, शिवभक्त होते, पण त्यांचे कितीतरी ताम्रपट बौद्ध विहारांना गावे दिल्याचे आहेत. शामळाजीजवळ देवनी मोरी येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केले. स्तूपात दगडी करंडक सापडला, त्यावर तो 'दशबल' म्हणजे बुद्धाच्या अवशेषांचा असल्याचा लेख. ती जागा पुढे मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. करंडक मात्र विद्यापीठाने जपला.

आधुनिक काळात बुद्ध मराठीत परत आला तो बराचसा बडोद्याच्या तिजोरीतून, आणि हे आपण बडोदेकर पुरेसे सांगत नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी मराठीत बुद्धचरित्र लिहिले ते सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारात केळुसकरांनी त्याला हेच पुस्तक भेट दिले. ते वाचून आपण भारावून गेलो, असे आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. कोसंबींनाही महाराजांनीच दरमहा ५० रुपये लावून दिले; महाराष्ट्रात राहायचे आणि लिहायचे एवढीच अट. कोलकात्याची जास्त पगाराची जागा सोडून कोसंबी आले, कारण त्यांना बुद्ध आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत सांगायचा होता. राजाश्रयाची अशी फळे क्वचितच दिसतात.

केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीरावांनी भीमरावाला कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले, १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आंबेडकर बडोद्यात उतरले, आणि साऱ्या शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले दालन, उजेडाला एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला, दोन्हीकडे नकार. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले.

इथे माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. सयाजीराव काही लहान राजे नव्हते. सक्तीचे मोफत शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात लागू केले होते, अंत्यजांसाठी शाळा त्याच्याही आधी काढल्या होत्या. तरी त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच अधिकाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळाले नाही. राजाची इच्छा राजमहालाच्या फाटकापर्यंत चालली. धर्मशाळेच्या दारात चालला तो रिवाज. नुसते तत्त्वज्ञान त्या दारात काय कामाचे? तिथे हवा होता आपला म्हणणारा समाज, म्हणजे संघ.

१९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, पण पुढची २१ वर्षे ते धर्म पारखत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी घेतलेली दीक्षा तत्त्वज्ञानाच्या वर्गात नाव घालण्यासारखी नव्हती. सोबत २२ प्रतिज्ञा होत्या. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी 'धर्म' आणि 'धम्म' वेगळे केले: धर्म ज्याचा त्याचा, खाजगी, धम्म सामाजिक. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती गरज आहे. 'दर्शन की धर्म' या प्रश्नाला त्यांचे उत्तर हे असे तिसरेच होते.

राज्यसंस्थेचे उत्तर मात्र आजही ठरलेले नाही. संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात मंदिरप्रवेशापुरते हिंदूंमध्ये शीख, जैन, बौद्धही धरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे. पण बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडावे लागले. गुजरातेत तर गंमत नव्हे, गोंधळ आहे. २००६ मध्ये विधानसभेने धर्मांतराच्या २००३ च्या कायद्यात दुरुस्ती करून जैन आणि बौद्धांना हिंदूंचेच पंथ ठरवले. जैन समाजाने विरोध केला, राज्यपालांनी विधेयक परत पाठवले आणि ते मागे घेतले गेले. २०१६ मध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना मारहाण झाली, त्यानंतर दलितांच्या दीक्षा वाढल्या. आणि ८ एप्रिल २०२४ रोजी राज्याच्या गृहखात्याने परिपत्रक काढले: बौद्ध धर्म वेगळा आहे, हिंदूने तो स्वीकारताना २००३ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागेल. काही कार्यालये कलम २५ दाखवून 'परवानगीची गरज नाही' असे कळवत होती, म्हणून हा खुलासा.

या परिपत्रकावर दलित कार्यकर्त्यांमध्येही दोन मते दिसली. बौद्ध धर्म स्वतंत्र आहे हे सरकारने लेखी मान्य केले, याचे काहींना समाधान वाटले. दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर आपला विवेक का ठेवायचा, असे इतरांनी विचारले. मला दोन्ही म्हणणी पटतात. वडाखालच्या आजींचे घर कधीच बौद्ध झाले होते. पण त्या दिवशी तिथे एक तरुण जोडपेही होते, आणंदच्या बाजूचे. दीक्षेचा अर्ज अजून पडून आहे, म्हणाले. ते पंचशील सगळ्यांबरोबर म्हणत होते.