इराणी (मुंबईतील नाक्यावरचे दुकान)

इराणमधून आलेल्या कुटुंबांनी मुंबईत चालवलेले, बहुधा नाक्यावरचे चहाचे हॉटेल व किरकोळ मालाचे दुकान. या धंद्याचा आरंभ साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानला जातो. चालक बहुतांशी इराणच्या यझ्द व केरमान भागांतील झरथुष्ट्री (पारशांच्याच धर्माचे). यझ्दकडचे शिया मुसलमानही या धंद्यात होते, हे पुष्कळदा नजरेआड होते. १८७० नंतर इराणात पडलेला दुष्काळ व काजार राजवटीतील जाच ही स्थलांतराची कारणे सांगतात. भारतातील पारशांचे इराणमधील प्रतिनिधी माणेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये झरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द झाला, तरी ओघ थांबला नाही. त्यामुळे पोटापाण्याचे कारण अधिक सबळ दिसते.

नाक्याच्या जागेविषयी मतभेद आहेत. हिंदू व्यापारी कोपऱ्यावरची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, ही समजूत सर्वत्र सांगितली जाते. परंतु वास्तुपरंपरेत दोष मुख्यतः समोरून येऊन आदळणाऱ्या रस्त्याचा मानतात, सरसकट नाक्याचा नव्हे. शिवाय नाक्यावर वाणी व पानवाले नव्हतेच असेही नाही. दुसरे मत शहररचनेकडे बोट दाखवते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे शहरसुधारणेचे मंडळ स्थापन झाले. या मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि नवे नाके तयार झाले. जुन्या बाजारपेठा आधीच गुजराती, कच्छी व बोहरी व्यापाऱ्यांनी व्यापलेल्या होत्या. उशिरा आलेल्यांना नव्या इमारतींचे गाळे उरले. धोबीतलावची कयानी (१९०४) व ससानियन (१९१३) ही हॉटेले याच काळातली. दोन्ही रस्त्यांवर दारे, उजेड, वारा आणि दुप्पट गिऱ्हाईक हे फायदे उघड आहेत. अशुभाची कथा यशानंतर रचली गेली असावी, असे मानण्यास जागा आहे. तथापि तिचा काही अंश खरा असणे अशक्य नाही.

चहा, ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव), खारी व मावा केक यांखेरीज अनेक ठिकाणी गल्ल्यालगतच्या कपाटांत साबण, बिस्किटे, अंडी, पाव, सिगारेटी, डोकेदुखीच्या गोळ्या असत. पहाटपाळीच्या कामगाराला चहा आणि घरी न्यायचा पाव एकाच ठिकाणी मिळे. वेटर बिलाची रक्कम गल्ल्याकडे ओरडून सांगे. संगमरवरी टेबले व वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या सुपरिचित आहेत.

उडुपी हॉटेलांची स्पर्धा, भागीदारीतले तंटे व जागांचे चढे भाव ही ऱ्हासाची कारणे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली व हॉटेले तगली. पुढे जागेची किंमतच धंद्यापेक्षा भारी ठरली.

पुण्यात डेक्कनवरील कॅफे गुडलक (१९३५) याच परंपरेतले. चौकालाही तेच नाव पडले. हैदराबादेत चालक प्रामुख्याने मुसलमान इराणी आहेत.